स्ट्रायकर कुठून आणायचा?

परवा चिखलीला एका लग्नात पंगतीत पुन्हा तोच विषय निघाला. एवढा मोठा देश, पण धड गोल मारणारा एक माणूस मिळत नाही. "आपल्या पोट्ट्यायमंदी दमच नाही ना बाप्पा," असा निकाल देऊन आमच्या आत्तेभावाने जिलेबी उचलली. पंगतीत मी भांडत नाही (आई हा ब्लॉग वाचते!), म्हणून इथे भांडतो.

दादा, हे साफ खोटं आहे. पुरावा कोल्हापूरचा. अनिकेत जाधव, जन्म २०००चा. वडील रिक्षा चालवायचे. पोरगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडे झाला तेव्हा भारताच्या पुढच्या फळीत होता. त्याच नोव्हेंबरात आय-लीगमध्ये इंडियन ॲरोज या पोरसवदा संघाने चेन्नई सिटीला ३-० असं हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. समोर पक्के व्यावसायिक गडी, आणि हा सतरा वर्षांचा. दम नव्हता?

मग पुढे काय झालं? जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल असे क्लब झाले. २०२२ साली हैदराबादने मडगावात इंडियन सुपर लीग जिंकली, त्या संघात तो होता. त्याच वर्षी भारताच्या वरिष्ठ संघातही निवड झाली. वाईट कारकीर्द नाही ही. पण हैदराबादच्या मधल्या जागेवर होता नायजेरियाचा ओगबेचे, ज्याने त्या हंगामात १८ गोल केले. अनिकेतच्या वाट्याला आली मैदानाची कड.

ओगबेचेचा यात दोष नाही, तो अस्सल खेळाडू. क्लबलाही जिंकायचं असतं. पण जवळपास प्रत्येक क्लब असाच विचार करतो. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा असतात, त्यातली एक हमखास गोल मारणाऱ्याला जाते. आपला पोरगा विंगवर धावतो, क्रॉस देतो, बचावालाही मागे येतो. गोलासमोर चुकायची संधीच त्याला मिळत नाही, आणि चुकल्याशिवाय स्ट्रायकर होत नाही. त्याचं फळ बघा. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोलही केला त्याने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर लाज वाटली.

आता क्लबांना शिव्या देऊन आपण मोकळे होऊ, पण आपलं काय? १५ सप्टेंबर २०१७ आठवतो? 'मिशन वन मिलियन'! राज्यभर शाळांना फुटबॉल वाटले, एक दिवस सगळी पोरं खेळली, फोटो निघाले. आमच्या जिल्ह्यातल्या एका शाळेत (नाव घेत नाही) दुसऱ्या दिवशी ते चेंडू कपाटात गेले. का, तर हरवतील!

क्लबवाला म्हणतो, याला मधे खेळवलं तर हरू. गुरुजी म्हणतात, चेंडू दिला तर हरवेल. दोघांचं दुखणं एकच.

कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. भरलेल्या शाहू स्टेडियमवर पोरगा गोल चुकवतो, अख्खी पेठ त्याला शिव्या घालते, आणि पुढच्या सामन्याला तोच पोरगा पुन्हा उतरतो. अनिकेत त्या गावचा आहे, हा योगायोग नाही. आमच्या बुलढाण्यात पोरांना चुकायला असं मैदान कुठे आहे? तालुक्यातालुक्यात चार-चार शाळांची स्पर्धा वर्षभर चालवायला किती खर्च येतो? एका लग्नाच्या मांडवापेक्षा कमीच.

तेव्हा दादा, दम पोरांत आहे. नाही तो कपाटाची किल्ली ज्यांच्या हातात आहे त्यांच्यात. जिलेबी संपली असेल तर खाली उत्तर लिहा.