'एंडर्स गेम' : वरच्या वर्गांसाठीं एक कादंबरी

विद्यार्थ्यांनीं काय वाचावें असा प्रश्न निघाला म्हणजे वडील मंडळी चरित्रें व प्रवासवर्णनें सुचवितात. विज्ञानकथा ही परीक्षेनंतरची करमणूक समजून बाजूस सारली जाते. ज्या घरांत नारळीकरांच्या कथा वाचल्या जातात तेथें हा गैरसमज नसावा. इतरांसाठीं मी ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाच्या 'एंडर्स गेम' या इंग्रजी कादंबरीची शिफारस करीत आहें. ती १९८५ सालीं प्रसिद्ध झाली आणि ह्यूगो व नेब्यूला हे दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. २०१३ सालीं तिच्यावर चित्रपटही निघाला. पण चित्रपट पाहिला म्हणजे पुस्तक झालें असें कोणी समजूं नये.

कीटकांसारख्या परग्रहवासीयांनीं पृथ्वीवर दोनदां स्वारी केलेली आहे. तिसऱ्या युद्धास सेनापति हवा, म्हणून बुद्धिमान मुलें निवडून अंतराळांतील युद्धशाळेंत नेलीं जातात. एंडर विगिन निवडला जातो तेव्हां तो अवघा सहा वर्षांचा असतो. त्या शाळेंत एक विशाल दालन आहे. तेथें कोणास वजन नसतें, वर-खालीं हा भेद राहत नाहीं, आणि मुलांच्या पलटणी लुटुपुटीच्या लढाया खेळतात. शत्रूचें द्वार 'खालीं' आहे असें मानलें कीं सारा डावच निराळा दिसूं लागतो, हें एंडरला लौकरच उमगतें. पदार्थविज्ञानाच्या तासाला न समजलेली गोष्ट कित्येकांस येथें सहज समजेल!

परंतु पुस्तकाचा खरा विषय खेळ नव्हे. कर्नल ग्रॅफ हा अधिकारी त्या मुलास जाणूनबुजून एकटें पाडतो. आपल्या मदतीस कोणीही येणार नाहीं अशी त्याची खात्री पटावी, हीच त्याची शिक्षणपद्धति. मुलगा रणविद्येंत तयार होत जातो आणि मनानें मोडत जातो. शेवटीं काय होतें तें मी सांगत नाहीं. वाचकाचा तो हक्क आहे.

अभिमन्यूच्या शौर्याची कथा ऐकतांना आपले डोळे भरून येतात. पण चक्रव्यूहांतून बाहेर पडण्याची विद्या त्यास अवगत नाहीं हें ठाऊक असूनही वडीलधाऱ्यांनींच त्यास आंत पाठविलें, याचा विचार आपण क्वचितच करतों. कार्ड तो करावयास लावतो. आणि ही केवळ कल्पनासृष्टि नव्हे. पंधरा वर्षांखालील मुलांस आपल्या सैन्यांत भरती केल्याबद्दल कांगोंतील थॉमस लुबांगा यास आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें २०१२ सालीं दोषी ठरवून चौदा वर्षांची शिक्षा दिली. अठरा वर्षांखालील मुलांस लढाईंत उतरवूं नये असा करार संयुक्त राष्ट्रसंघास २००० सालीं करावा लागला.

पुस्तकांत मारामारी आहे, अपशब्द आहेत, असा पालकांचा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि आठवीखालील मुलांच्या हातीं मी हें पुस्तक देणार नाहीं. मात्र मोबाईलवर रोज शेंकडों शत्रू गारद करणाऱ्या नववी-दहावीच्या मुलास तें नाकारण्यांत मला अर्थ दिसत नाहीं. तेथें मेलेला शत्रू विसरला जातो. येथें प्रत्येक फटका मारणाऱ्याच्याच मनावर उमटतो. पालकांनींही तें वाचावें, कारण ग्रॅफ दुष्ट नाहीं. एंडरवर त्याचा जीव आहे. आपण करतों तें जगाच्या हितासाठीं, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. मुलाची गुणपत्रिका हातांत घेऊन बसलेल्या बापास ती अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.

भाषा सोपी आहे. पहिलीं दोन प्रकरणें शब्दकोश जवळ ठेवून वाचावींत. पुढें त्याची फारशी गरज पडत नाहीं. ज्यांना एंडरचें पुढें काय झालें तें जाणावयाचें असेल त्यांच्यासाठीं १९८६ सालचा 'स्पीकर फॉर द डेड' हा पुढील भाग आहे, पण तो अधिक प्रौढ वाचकांचा आहे. त्याची घाई नको.