१८५७चे काडतूस पितळी नव्हते

१८५७च्या चित्रांत शिपायाच्या दातांखाली पितळी काडतूस रंगवणे हे शुद्ध अज्ञान होय. पितळ दाताने कोण फाडणार?

एनफिल्डचे काडतूस कागदी होते. आत दारू आणि गोळी, गोळीकडच्या टोकाला वंगण. दुसरे टोक दाताने फाडून दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची. ठिणगी देणारी तांब्याची टोपी निराळीच. ती बाहेरून चापाखाली बसवीत. (आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट १८०७चे, आणि तेही फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याचे!)

टोपी बुडातच बसवलेले बॉक्सरचे धातूचे काडतूस १८६६चे. ते नऊ वर्षे मागे नेले, की दात लावण्याचा प्रश्नच उरत नाही आणि शिपायांचा आक्षेप वेडगळ ठरतो. वास्तविक दाताने फाडण्याची आज्ञा कवायतीतच होती. ती बदलून हाताने फाडण्याची मुभा सरकारला १८५७मध्येच द्यावी लागली.