विश्लेषण : कामावर कंबर दुखावली, कायरोप्रॅक्टिक उपचार फक्त २४ वेळा?
गोदामात खोकी उचलताना कामगाराच्या कमरेत उसण भरली, तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात उपचारांचा खर्च मालकाच्या विम्यातून होतो. चूक कोणाची, हे पाहिले जात नाही. मणक्यांवर हाताने दाब देऊन सांधे मोकळे करण्याचे कायरोप्रॅक्टिक उपचारही त्यात येतात. मात्र १ जानेवारी २००४ पासूनच्या दुखापतींना, एका दुखापतीमागे २४ भेटींची मर्यादा आहे. फिजिओथेरपीलाही तेवढीच. पुढच्या भेटींसाठी लेखी मंजुरी लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांना तेवढी सवलत आहे. आठवड्याला तीन भेटी धरल्या तर हा कोटा आठ आठवड्यांतच संपतो.

खरी मेख पुढे आहे. कामगाराचा मुख्य उपचारक कायरोप्रॅक्टर असेल, तर मर्यादा संपल्यावर त्याला ती जबाबदारी सोडावी लागते. कामावर कधी परतायचे, किती वजन उचलायचे, याचे अहवाल हाच उपचारक लिहितो. म्हणजे दुखणे अर्ध्यावर असताना अहवाल लिहिणारा माणूसच बदलतो. नव्या डॉक्टरला पहिले आठ आठवडे फक्त कागदावर दिसतात. त्या नोंदी त्रोटक असतील, तर कामगाराला पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावे लागते.