नव्या कल्पनेलाही रूळ हवेत

चैत्रपालवी झाडांवर स्थिरावत असते, तेव्हाच १६ एप्रिल ही तारीख दरवर्षी आपल्या भेटीला येते. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याकडे साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डब्यांची पहिली प्रवासी गाडी ओढून नेली. आज आपण तिचा गौरव करतो. पण त्या दिवशी तो एक प्रयोगच होता. नाना शंकरशेटांसारख्या द्रष्ट्यांनी त्या प्रयोगावर विश्वास टाकला, म्हणून तो इतिहास झाला.

हा वारसा पुढेही जपला गेला. १९२५च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि मुंबईच्या जगण्याला नवी लय मिळाली. कोकण रेल्वेने तर मालाने भरलेले ट्रकच गाडीवर चढवून घाटवाटांचा भार हलका केला. चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका दिसताच स्वतःहून ब्रेक लावणारी ‘कवच’ प्रणाली रेल्वेच्या लखनौतील संशोधन संस्थेने देशी कंपन्यांच्या साथीने घडवली आणि वर्षानुवर्षे कसाला लावल्यानंतरच २०२०मध्ये तिला राष्ट्रीय प्रणालीचा मान मिळाला.

एवढा संयम इथे अपरिहार्यच आहे. कारण रेल्वेतील छोटी चूकही माणसांच्या प्राणांवर बेतते. मात्र सावधपणाची सबब होऊन नव्या कल्पनांसाठी दार बंद राहता कामा नये. रेल्वेच्या २०२२च्या धोरणाने नवउद्योगांना निम्म्या खर्चाचा, दीड कोटी रुपयांपर्यंतचा हात देऊ केला आणि बौद्धिक संपदेचा हक्क निर्मात्याकडेच ठेवला, हे स्वागतार्हच. पण अनुदानाइतकीच गरज असते ती चाचणीसाठी मिळणाऱ्या रुळांची, वेळेत मिळणाऱ्या उत्तराची आणि यशस्वी ठरलेली वस्तू प्रत्यक्ष वापरात घेण्याच्या तयारीची.

नव्या कल्पना केवळ नवउद्योगांकडूनच येतात असे नाही. खंडेनवमीला आपल्या कारखान्यांतून हत्यारांना झेंडू वाहिला जातो. ती हत्यारे चालवणाऱ्या हातांची सूचना ऐकली जाईल, तेव्हाच ही पूजा पुरी होईल. उन्हापावसात रूळ न्याहाळत चालणाऱ्या चावीवाल्याला कोणता सांधा कधी दगा देतो हे ठाऊक असते. संशोधनाची सुरुवात त्याच्याशी बोलून व्हावी.

आणि आपण प्रवासी? रविवारच्या मेगाब्लॉकवर आपण चडफडतो. पण जुने बदलण्याचे, नवे बसवण्याचे काम त्याच तासांत होत असते. सुरक्षित, वक्तशीर गाडीची मागणी करण्याचा हक्क आपला आहेच. तिच्यासाठी लागणारा वेळ त्या कामाला मोकळ्या मनाने देणे हेही आपलेच कर्तव्य आहे.