मध्ये काही नाही

‘मध्ये काही नाही हो!’ असं म्हणणारा माणूस भेटला की त्याला दिवसभर सायकलवर बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे एस.टी.चा कंडक्टरही हेच म्हणतो, पण त्याचा अर्थ ‘आता चहा नाही’ एवढाच. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, स्टुअर्ट हायवेवरच्या रेनर स्प्रिंग्जला मात्र एका कॅरॅव्हॅनवाल्या आजोबांनी ते अख्ख्या मुलखाबद्दल म्हटलं. ‘‘टेनंट क्रीकपर्यंत 160 किलोमीटर. मध्ये काही नाही. सायकलवर कशाला मरतोस?’’ एवढं बोलून त्यांनी माझ्या बाटल्या भरून दिल्या. त्यामुळे तिथे भांडता आलं नाही. म्हणून इथे भांडतो.

जुलै महिना, म्हणजे तिथला कोरडा हंगाम. सायकलवर दहा लिटर पाणी, तोंड दक्षिणेकडे आणि आग्नेयेचा वारा बरोब्बर तोंडावर. ते ‘काही नाही’ छातीला हात लावून मला मागे ढकलत होतं. माश्या डोळ्यांत, कानांत. ‘हट्’ म्हणायला जावं तर तोंडात. तांबडी, माणसाएवढी वाळवीची वारुळं. त्यांतल्या एकाला कुणीतरी सदरा-टोपी चढवलेली. मी लांबून नमस्कारसुद्धा केला! मेलेल्या कांगारूवर घारींची पंगत. आणि मागून रोड ट्रेन : एक ट्रक, तीन ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. तिला वाट देताना स्पिनिफेक्सच्या गवतात उतरावं लागतं. हे गवत आहे की सुयांचा डबा, हे माझ्या पोटऱ्यांना विचारा.

आता काचा वर, थंडगार हवा, गाणी चालू आणि ताशी 130 चा वेग (या रस्त्यावर तेवढी परवानगीच आहे), मग दिसणार काय? कपाळ! ‘काही नाही’ हा मुलखाचा गुण नव्हे, गाडीचा दोष आहे.

इथवर थट्टा झाली. संध्याकाळी अटॅक क्रीकला पोचलो. 1860 च्या जूनमध्ये जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट दोन साथीदारांसह दक्षिणेकडून इथवर आला आणि वारुमुंगू लोकांनी त्याला परत पाठवलं. ओढ्याचं नाव पडलं ‘हल्ला’! न विचारता दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं आणि घरच्यांनी हाकललं की अंगणालाच ‘हल्ला’ म्हणायचं, ही कुठली रीत? वर शिरणाऱ्याचं नाव हायवेला. आणि मध्ये काही नव्हतं, तर त्याला हाकललं कुणी? वारुळांनी?

हे नुसतं बोलण्यातलं नव्हतं. कायदाही ही जमीन कुणाचीच नव्हती असं धरून चालला होता. 1992 साली माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत मोडीत काढली. ‘काही नाही’पासून ‘कुणी नाही’ आणि तिथून ‘म्हणजे आमचंच’, हा उतार फार सोपा. सायकलवाल्याला विचारा, उतारावर पायडल मारावं लागत नाही. ब्रेक मात्र लावावा लागतो.

घरी परतलो तर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘एवढ्या लांब सायकल हाणलीत, वाटेत होतं तरी काय?’’

काकूंना गडबड होती, मलाही भूक लागली होती. म्हणालो, ‘‘विशेष काही नाही.’’

पुन्हा सायकल काढणं आलं.