फलित बीज आणि ‘मुलाचे औषध’

स्त्रीबीज व शुक्राणू यांच्या संयोगातून निर्माण होणारी एक पेशी हा मनुष्यदेहाचा आरंभ होय. या एका पेशीचे, म्हणजेच फलित बीजाचे, कार्य नीट समजून घेतले तर आपल्या व्यवसायातील एका जुन्या व लाजिरवाण्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. तो प्रश्न ‘मुलगा होण्याच्या औषधा’चा आहे. आपल्या सभा-संमेलनांत या विषयावर सहसा मौन पाळले जाते. म्हणूनच तो येथे मुद्दाम उपस्थित करीत आहे.

फलनाची क्रिया गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहिनीत घडते. स्त्रीबीजाची २३ व शुक्राणूची २३ अशी ४६ गुणसूत्रे एकत्र येतात. स्त्रीबीजात लिंगनिश्चिती करणारे गुणसूत्र नेहमी ‘एक्स’ असते. शुक्राणूत ते ‘एक्स’ किंवा ‘वाय’ असते. यांपैकी कोणता शुक्राणू बीजात शिरला, यावर त्याच क्षणी गुणसूत्रीय लिंग ठरते. त्यानंतर सुमारे एका दिवसाने या पेशीचे पहिले विभाजन होते, पाचव्या दिवसाच्या सुमारास तिचा पोकळ गोलक बनतो आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून तो गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजू लागतो. पुढे देहात असंख्य पेशी निर्माण होतात. त्या प्रत्येक विभाजनात मूळ फलित बीजातील गुणसूत्रांचीच प्रत उतरत जाते. बाहेरून दिलेले कोणतेही चूर्ण, घृत वा नस्य ‘एक्स’चे ‘वाय’ करू शकत नाही.

आता आपल्या चिकित्सालयातील व्यवहार पाहू. पाळी चुकून दीड महिना झाला की रुग्णा ‘औषध’ मागावयास येते. शेवटच्या पाळीपासून पंचेचाळीस दिवस म्हणजे फलनापासून सुमारे एक महिना. ज्या गोष्टीचा निर्णय महिन्यापूर्वीच लागून गेला, तिच्यासाठी आपण औषध देणार, हे कोणत्या युक्तीत बसते?

यावर संहितेचा आधार पुढे केला जातो. चरक व सुश्रुत या दोहोंच्या शारीरस्थानांत पुंसवनाचे वर्णन आहे, आणि ते पुत्रप्राप्तीच्या हेतूनेच आलेले आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्याचा अर्थ ओढूनताणून बदलण्यात काही शोभा नाही. गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी हा विधी करावा, असे चरकाचार्य सांगतात. त्यामागील निरीक्षण सूक्ष्म व यथार्थ आहे: सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत भ्रूणाची जननग्रंथी दोन्ही लिंगांत सारखीच दिसते. मात्र जे व्यक्त झालेले नाही ते ठरलेलेही नाही, हे त्यावरून काढलेले अनुमान आज टिकत नाही. आप्तोपदेशाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनाही प्रमाण मानणाऱ्या आचार्यांचा वारसा सांगताना, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे प्रत्यक्ष आपण नाकारू शकत नाही.

तरीही या औषधांची ख्याती टिकून का राहते? कारण साधे आहे. काहीही न देता निम्म्याहून किंचित अधिक जन्म मुलांचेच होतात. ज्यांना मुलगा होतो ते पेढे घेऊन येतात आणि चार जणांना पत्ता सांगतात. ज्यांना मुलगी होते ते पथ्य चुकले असे समजून गप्प बसतात. अशा यशाला चिकित्सेचे यश म्हणता येणार नाही.

हे औषध निरुपयोगी एवढेच असते तरी गोष्ट वेगळी होती. फलनानंतरचा तिसरा ते आठवा आठवडा हा अवयवनिर्मितीचा काळ होय. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदयस्पंदन सुरू होते, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मज्जानलिका बंद होते. नेमक्या याच नाजूक काळात घटकांची नोंद नसलेल्या पुड्या दिल्या जातात. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेतलेल्या मातांच्या अपत्यांत जन्मजात विकृतींचा धोका अधिक आढळला आहे. गर्भिणीस मृदू व सुखकर उपचार सांगणाऱ्या शास्त्राच्या नावावर हे घडावे, याची खंत वाटते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविषयक अधिनियमात २००३ पासून गर्भधारणापूर्व लिंगनिवडीचाही समावेश झाला. लिंगनिवडीच्या व्याख्येत केवळ सोनोग्राफी येत नाही. विशिष्ट लिंगाचा गर्भ राहावा या हेतूने काहीही देणे, लिहून देणे वा पुरविणे हेही येते. त्याची जाहिरात करणे हाही गुन्हा असून त्यास कारावासाची तरतूद आहे. म्हणजे लिहून देणाऱ्या वैद्याइतकीच पुरविणाऱ्या औषधविक्रेत्याचीही जबाबदारी आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. या घसरणीचे मुख्य कारण गर्भलिंगनिदान व गर्भपात हे असले, तरी मुलगा हवाच या हट्टाला शास्त्राची मान्यता आहे असा भास आपल्या पुड्यांनीही निर्माण केला.

मग आपले कार्य कोणते? ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही गर्भाची चार कारणे आपण पहिल्या वर्षांत शिकलो. बीजाचा जो अंश दूषित होतो त्यापासून होणारा अवयव विकृत होतो, हा चरकांचा विचार तर आजच्या आनुवंशिकीच्या जवळ जाणारा आहे. फलित बीज निरोगी असावे म्हणून करावयाचे सारे प्रयत्न फलनापूर्वीचेच आहेत: दांपत्याचे शोधन, आहारविहार, व्यसनमुक्ती, पांडू व मधुमेह यांचा उपचार. फॉलिक अॅसिड गर्भधारणेपूर्वीपासूनच सुरू करावे, हा सल्लाही आपण निःसंकोच द्यावा.

औषधालयांनी ‘पुत्र’प्राप्तीचा आशय असलेले एकही पाकीट फळीवर ठेवू नये. प्रजननवयातील स्त्रीस रसौषधी वा तीव्र विरेचन देण्यापूर्वी शेवटच्या पाळीची तारीख विचारण्याची सवय वैद्यांनी लावून घ्यावी. आणि संघटनेने, सदस्याने असे औषध दिल्याचे सिद्ध झाल्यास सदस्यत्व रद्द करण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा. समाजाने आपल्याला जाब विचारण्यापूर्वी हे काम आपणच केलेले बरे.