ओझं पाट्यांचं, काम शॉकअपचं

आमच्या पुतण्याच्या पिकअपचे चारही शॉकअप बदलायला आले आहेत. टोमॅटोच्या हंगामात ही गाडी पिंपळगाव बसवंतहून माल भरून निघते, रात्री कसारा घाट उतरते आणि पहाटे वाशी मार्केटला पोचते. नवे शॉकअप कोणते घ्यावेत, यावर घरात बरीच चर्चा झाली. बहुतेकांचं मत एकच, "सगळ्यात कडक असतील ते टाका, म्हणजे माल जास्त भरता येईल." मला हे अजिबात पटत नाही.

मी जन्मभर मराठी शिकवलं, यंत्रांशी माझा संबंध सायकलपुरता. पण एवढं समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. गाडीतल्या मालाचं ओझं पेलतात ते पाटे. खड्ड्यातून गेल्यावर हे पाटे वरखाली नाचत राहतात, तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. आतला दट्ट्या तेलात सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाताना अडतं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन जिरतो. म्हणजे कडक शॉकअप टाकल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. उलट वाशीहून रिकामी परतताना गाडी आदळत येते आणि ते हादरे बसतात ड्रायव्हरच्या कंबरेला.

मग निवडायचं कसं? गाडी कायम भरलेली धावते की निम्मा वेळ रिकामी, हे आधी पाहावं. निम्मा वेळ रिकामी असेल तर मूळ गाडीला होते त्याच मापाचे, त्याच जातीचे घ्यावेत. रस्ता सतत खराब असेल तर गॅसचे बरे. साध्या शॉकअपमधलं तेल तापून फेसाळतं आणि त्याचा जोर कमी पडतो. नायट्रोजनच्या दाबाखाली तेवढा फेस होत नाही. बदलायचे ते जोडीनेच, डावा-उजवा एकदम. रबरी बुशही तेव्हाच बघून घ्यावेत. जुन्यात तेल भरून, वरून रंग मारून स्वस्तात विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. पक्कं बिल मागावं.

थकलेल्या शॉकअपवर चाक रस्ता सोडून उडतं, आणि उडालेल्या चाकाला ब्रेकचा उपयोग नाही. रात्री, घाटात, भरल्या गाडीत याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक. आपल्याकडे सुटा भाग दुकानदार सुचवतो, मालक विकत घेतो, मेकॅनिक बसवतो. जो रात्रभर स्टिअरिंग धरून बसतो, त्याला कोणी विचारत नाही. वळणावर गाडी किती कलते, ब्रेक दाबला की नाक किती खाली जातं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? किंमत जरूर बघावी, पण दुकानात जाताना ड्रायव्हरला बरोबर न्यावं. जीव त्याचा आहे.

असो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तुम्ही कसं ठरवता, जरूर कळवा.